संधात्याचे शिरस्त्राण

धातूचे दोन तुकडे विजेच्या ज्योतीने जोडणाऱ्या कारागिराला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संधाता म्हणतात. रस्त्याकडेच्या दुकानात तो नुसता वेल्डर असतो. त्याचे डोळे राखावयाचे तर काळी काच हवी, ही गोष्ट आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु ती काच ज्या शिरस्त्राणात बसविलेली असते, ते त्याच्या डोक्याला नीट बसते की नाही, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. माझ्या मते काचेइतकेच महत्त्व या बसण्याला दिले पाहिजे.

विद्युत् ज्योतीतून प्रखर प्रकाशाबरोबर जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण बाहेर पडतात. बुबुळापुढील पारदर्शक पडद्यावर ते थोडा वेळ पडले तरी त्याचा वरचा थर होरपळतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही, हाच यातील घात होय. काही तासांनी, पुष्कळदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, दिव्याकडे पाहवत नाही. एक-दोन दिवसांत हा त्रास बहुधा ओसरतो. म्हणूनच कारागीर तो धंद्याचा भाग मानून पुन्हा पुन्हा सोसतात.

आता कारागीर शिरस्त्राण बाजूला का ठेवतो ते पाहू. लहान लहान टाके घालताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. अशा वेळी मानेच्या हलक्या झटक्याने शिरस्त्राण तोंडावर उतरले पाहिजे. बाजूच्या घुंड्या सैल असतील तर ते नको तेव्हा खाली येते. फार आवळल्या असतील तर येतच नाही. मग तो डोळे मिटून टाका घालतो. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु न बसणारे साधन हाती देणाऱ्याचा दोष मला अधिक वाटतो.

बसविण्याची रीत अवघड नाही. टाळूवरील पट्टा असा लावावा की, कपाळाचा पट्टा भुवयांच्या किंचित वर राहील. मागची घुंडी फिरवून तो इतकाच आवळावा की, खाली वाकले तरी शिरस्त्राण घसरू नये व कपाळावर वळही उमटू नये. शिरस्त्राण खाली घेतल्यावर काच दोन्ही डोळ्यांपासून सारख्या अंतरावर यावी, नाकाला टेकू नये आणि हनुवटी व गळा झाकला जावा. मागून फार फट राहिली, तर शेजारच्या संधात्याच्या ज्योतीचा उजेड आत शिरून काचेवरून डोळ्यांत परततो. काचेचा क्रमांकही विचाराने निवडावा. विद्युत् संधानास साधारणपणे १० ते १३ क्रमांकाच्या काचा वापरतात. अतिगडद काच म्हणजे अधिक सुरक्षितता, ही समजूत चुकीची आहे. वितळलेला धातू दिसेनासा झाला की कारागीर पुढे झुकतो व धुरात तोंड घालतो. आणि या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणिले आहे.

ज्योत पेटताच आपोआप गडद होणारी काच १९८१ साली स्वीडनमधून बाजारात आली. तिने मानेचा झटका वाचविला, हा मोठाच लाभ. तथापि तिच्या प्रकाशवेधकासमोर नळी वा स्वतःचाच हात आला तर ती फसते, आणि डोक्यावर डुगडुगणारे शिरस्त्राण तिच्यामुळे स्थिर होत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५ व्या कलमाने डोळ्यांसाठी पडदे वा चष्मे पुरविण्याची सक्ती करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. पुरविणे झाले, पण एकच शिरस्त्राण चौघांत फिरू लागले, की प्रत्येकजण ते आधीच्या माणसाच्या मापावर घालतो. पट्टा घामाने भिजलेला, पुढची साधी काच ठिणग्यांनी डागाळलेली, असे ते कोणाला घालावेसे वाटेल? प्रत्येक संधात्याचे शिरस्त्राण स्वतंत्र असावे, आणि ते जुळविण्यात जाणारी चार-पाच मिनिटे कामाच्या वेळेतच धरावीत.

प्रशिक्षण संस्थांना एक सूचना कराविशी वाटते. परीक्षेत सांधा बारकाईने तपासला जातो. त्याआधी परीक्षकाने सर्व पट्टे व घुंड्या सैल केलेले एक शिरस्त्राण उमेदवाराच्या हाती द्यावे, ते तो आपल्या डोक्याला कसे बसवितो ते पाहावे, आणि त्यालाही गुण ठेवावेत.