कार्डावरची तारीख

2023 च्या सुरुवातीची गोष्ट. शाळा सुटल्यावर आमच्या एका विद्यार्थ्याची अम्मी भेटायला आली. कडेवर नऊ महिन्यांचे बाळ, हातात लसीकरणाचे कार्ड. "सर, मुंबईला माहेरी होते तेव्हा सहाव्या महिन्यातच गोवरची लस दिली. तापही आला होता. आता इथे पुन्हा द्या म्हणतात. सासूबाई म्हणतात, एकदा दिली ती बस झाली. तुम्हीच सांगा."

आदल्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडी आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवरची साथ आली होती. साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस देण्याचा सल्ला होता. पण तो नेहमीच्या डोसांत धरायचा नव्हता. का, ते आम्ही त्यांना असे सांगितले.

गोवरच्या लसीत कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढतो, तेव्हा शरीर त्याला ओळखायला शिकते. पण बाळाच्या रक्तात जन्माआधीच अम्मीकडून आलेली प्रतिपिंडे काही महिने टिकतात. आपल्या सटाण्याकडे डाळिंबाच्या बागेला राखणदार असतो ना, तसा हा अम्मीने ठेवलेला राखणदार. तो लसीच्या विषाणूलाही दारातच अडवतो आणि बाळाचे शिकणे अर्धवट राहते. म्हणून पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तेव्हाही 100 पैकी साधारण 85 बाळांनाच संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी 16 ते 24 महिन्यांत दुसरा डोस.

हीच अडचण कोरोनाच्या लसीतही होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा एक विषाणू वाहन म्हणून वापरला आहे. त्याची वाढण्याची ताकद काढून त्यात कोरोनाच्या काट्याचा नमुना घातला. आपल्या पेशी त्यावरून काटा बनवतात आणि शरीर त्याच्याशी लढायला शिकते. दंड दुखणे, कणकण येणे ही बहुधा त्या तयारीचीच खूण. चिंपांझीचाच विषाणू का? माणसाच्या सर्दीचे विषाणू पुष्कळांच्या शरीराला आधीच ओळखीचे असतात. राखणदाराने गाडी ओळखली, तर आतला माल उतरतच नाही. रशियाच्या स्पुटनिक लसीत तर यासाठीच दोन डोसांना दोन वेगळे विषाणू वापरले.

13 मे 2021 रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, कोविशील्डच्या दोन डोसांतील अंतर 12 ते 16 आठवडे झाले, तेव्हा लसीचा तुटवडा होता. म्हणून लोकांना शंका आली. पण ऑक्सफर्डच्या चाचण्यांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर ठेवलेल्यांत परिणामकारकता सुमारे 55 टक्के, तर 12 आठवडे वा अधिक अंतर ठेवलेल्यांत सुमारे 81 टक्के दिसली होती. शरीराला शिकायला वेळ लागतो.

या लसीने फार क्वचित काही जणांच्या रक्तात गुठळ्या झाल्या, हेही खरे आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. लपवल्याने शंका वाढते. गोवरची लस मात्र वेगळी, कित्येक दशकांच्या अनुभवाची आहे. तिच्यानंतर आठवडाभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकते, दोन-तीन दिवसांत ते जाते. खरा गोवर मात्र न्यूमोनिया करतो, मेंदूला सूज आणतो, कुपोषित बाळाचा जीवही घेतो.

बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे माझीच ताकद आड येत होती तर!" पुढच्या लसीकरणाच्या दिवशी सासूबाई स्वतः बाळाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या.

आपल्या घरातले कार्ड आज कपाटातून काढून पाहा. नऊ महिन्यांच्या आणि दीड वर्षाच्या रकान्यांत तारीख भरलेली आहे का? नसेल, तर आशाताईंना विचारा. उशीर झाला असला तरी डोस देता येतो.