पास नातलगाचा, चौकशी कर्मचाऱ्याची

जबलपूर हे 2003 पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या या शहरात सवलतीचा पास ही घरोघरची बाब. तो भाच्याला किंवा मेहुण्याला वापरू देण्यात अनेकांना काही गैर वाटत नाही. नियमांना मात्र ही आपुलकी मान्य नाही.

1986 च्या पास नियमांत 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या काटेकोर आहे. मुलगा 21 वर्षांचा झाला की, तो शिकत असल्याशिवाय किंवा अपंगत्वामुळे परावलंबी असल्याशिवाय, पासावरील त्याचा हक्क संपतो. मेहुणा तर या व्याख्येत मुळातच बसत नाही.

पकडल्या गेलेल्या प्रवाशासाठी 1989 च्या रेल्वे कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवण्यात आल्या. प्रत्यक्षात भाडे आणि जादा आकार भरून त्याची बहुधा सुटका होते. खरा भुर्दंड पडतो तो पासधारकावर. 1968 च्या शिस्त व अपील नियमांनुसार पास रोखणे ही किरकोळ शिक्षा आहे. वेतनवाढ थांबवण्यापासून थेट बडतर्फीपर्यंतच्या शिक्षाही त्याच नियमांत आहेत. एका प्रवासात वाचलेल्या भाड्याच्या तुलनेत ही जोखीम फारच मोठी म्हणावी लागेल.

2020 पासून पास संगणकीय प्रणालीतून दिले जाऊ लागल्याने हातातला कागद दुसऱ्याला देणे अवघड झाले आहे. तथापि, मुलाचे शिक्षण संपल्याचे संगणकाला आपोआप कळत नाही. ते कर्मचाऱ्यानेच कळवायचे असते. ते राहून गेले तर, ही हयगय होती, फसवणूक नव्हे, हे चौकशी अधिकाऱ्याला पटवून देण्याची पाळीही त्याच्यावरच येते.