आरोपी आणि गुन्हेगार

अटकेची बातमी वाचताच समाज अनेकदा स्वतःच निवाडा देऊन मोकळा होतो. वास्तविक, अटक म्हणजे शिक्षा नव्हे आणि जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. प्रथम माहिती अहवाल, म्हणजेच एफ.आय.आर., ही तपासाची केवळ सुरुवात असते. पुढे दोषारोपपत्र, साक्षीपुरावे व युक्तिवाद झाल्यावरच न्यायालय निर्णय देते. तोपर्यंत ती व्यक्ती ‘आरोपी’ असते, ‘गुन्हेगार’ नव्हे.

कलमांचे आकडेही वाचकाला संभ्रमात टाकतात. १ जुलै २०२४ रोजी १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. मात्र त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनेच कलम लागू असल्याने बातम्यांत दोन्ही आकडे आढळतात. हा फरक उलगडून सांगणे हे वृत्तपत्रांचे कर्तव्य होय.

अटकेची बातमी बहुधा पहिल्या पानावर ठळकपणे झळकते. निर्दोष मुक्ततेची मात्र आतल्या पानाच्या कोपऱ्यात विरून जाते. गेलेली अब्रू न्यायालयालाही परत देता येत नाही. म्हणून खटला कोणत्या टप्प्यावर आहे, हे लिहिणाऱ्याने सांगावे आणि वाचणाऱ्याने आवर्जून पाहावे.