सुईला नियम, चमच्याला सूट

आज २५ सप्टेंबर, जागतिक फार्मासिस्ट दिन. फार्मसी कॉलेजांत पोस्टर लागतील, भाषणे होतील. नागपूरने मात्र आज औषध निरीक्षकाचीही आठवण काढावी. २०२३ मध्ये कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना तपासायला गेला आणि त्यात औषधच नसल्याचे निघाले. पुढे तशाच गोळ्या मेयो रुग्णालयातही सापडल्या.

असे नमुने घेणारा निरीक्षक व्हायला काय लागते? १९४५ च्या औषध नियमांतला नियम ४९ फार्मसीची किंवा ठरावीक विषयांतली वैद्यकीय पदवी मागतो. अनुभवाची अट तो एकाच कामाला लावतो. लसी, सीरम, इंजेक्शने अशा ‘सी’ परिशिष्टातल्या औषधांचे कारखाने तपासायचे, तर त्यांच्या निर्मितीचा किंवा चाचणीचा १८ महिन्यांचा, नाहीतर अशा तपासणीचाच ३ वर्षांचा अनुभव हवा. धोका सुईत असतो, असे नियमकर्त्यांनी धरले.

पण माणसे मेली ती पोटात घेतलेल्या औषधानेही. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण भेसळीच्या ग्लिसरॉलने दगावले. २०२५ मध्ये मूत्रपिंडे निकामी झालेली छिंदवाड्याची मुले उपचारांसाठी नागपुरात आणली, त्यांतली कित्येक इथेच गेली. त्यांनी घेतलेल्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले ४८.६ टक्के, मर्यादा ०.१ टक्के. ते बनवणाऱ्या तमिळनाडूतल्या कारखान्यात शिरणाऱ्या निरीक्षकाला निर्मितीचा अनुभव असावा, अशी अट नियम ४९ मध्ये नाही.

महाराष्ट्राने भरतीत अनुभव मागितला. संशोधन प्रयोगशाळेतले काम त्यात धरायचे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पात्रता नेमणूक करणाऱ्याने ठरवायची, असे न्यायालयाने मे २०१९ मध्ये सांगितले. ते योग्यच. पण अनुभवाचा दाखला बहुधा कंपनीच देणार, आणि उद्या तिच्याच दारात हा उमेदवार तपासणीला उभा राहणार! (दाखला मिळवणे हे आपल्याकडे वेगळेच कौशल्य आहे.) त्यापेक्षा पदवीधर निवडावेत आणि सरकारी खर्चाने वर्षभर प्रयोगशाळेत, कारखान्यात ठेवावेत. कच्च्या मालाचे पिंप चाचणीविना मिश्रणाच्या टाकीपर्यंत कसे पोचते, हे त्यांना तिथेच कळेल.

नियम ४९ केंद्राचा. सेवाप्रवेश नियम मात्र राज्याचे, आणि डिसेंबरात विधिमंडळ नागपुरातच भरते. विदर्भाच्या आमदारांनी तेव्हा मंत्र्यांना विचारावे: सिरपचा कारखाना तपासणाऱ्या आपल्या किती निरीक्षकांनी नोकरीत येताना सिरप बनताना पाहिले होते?