पंख्याला नाकं मुरडणं बंद करा

'आवाज नाही, धूळ नाही, देखभाल नाही' असं सांगून बिनपंख्याचे मिनी पीसी गळ्यात मारणाऱ्यांना माझा सरळ सवाल आहे: मे महिन्यातल्या दुपारी, कोपरच्या पत्र्याच्या गाळ्यात, तुम्ही ही पेटी कधी चालवून पाहिलीत? तुम्ही स्वतः एसीत बसता आणि गिऱ्हाइकाचं यंत्र मात्र भाजायला सोडून देता.

इथे स्टेशनजवळ माझ्या ओळखीच्या एका दुकानात असाच एक मिनी पीसी काउंटरखालच्या कप्प्यात कोंबला होता. महिन्याची 20 तारीख, जीएसटीचं रिटर्न भरायचं, आणि टॅली अडकून बसलेलं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "रॅम वाढवा." अहो, पेटीच्या पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बोट टेकवत नव्हतं! रॅम वाढवून उष्णता कुठे जाणार? ही चक्क लुबाडणूक आहे.

यात अवघड काहीच नाही. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांत येते आणि पट्ट्यांतून हवेत जाते. पंखा नसला की तापलेली हवा आपसूक वर सरकेल तेवढाच निचरा. खोली जितकी तापेल तितकी चिपही तापते: 25 अंशांच्या खोलीत 75 वर राहणारी चिप त्याच कामाला 37 अंशांच्या गाळ्यात 87 च्या घरात जाते. कप्प्यात कोंडली तर आणखी वर. मग जीव वाचवण्यासाठी प्रोसेसर स्वतःचा वेग पाडतो, आणि दुकानदार सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तर दर 10 अंशांमागे साधारण निम्मं होतं. ॲपल निदान आपल्या बिनपंख्याच्या मॅकबुक एअरसाठी भोवतालचं तापमान 10 ते 35 अंश असावं, असं लिहून देते. आपल्याकडचा विक्रेता तेवढंही तोंडाने सांगत नाही.

आम्ही ती पेटी कप्प्यातून बाहेर काढली आणि पट्ट्यांवर 120 मिलिमीटरचा, यूएसबीवर चालणारा 5 व्होल्टचा पंखा रबरी पायांवर ठेवला. आता पट्ट्यांवर तळहात खुशाल ठेवता येतो, आणि टॅली अडकत नाही.

आवाजाचं रडगाणं मला सांगू नका. किंचाळतो तो 40 मिलिमीटरचा चिमुकला पंखा, कारण तेवढीच हवा ढकलायला त्याला कितीतरी जोरात फिरावं लागतं. मोठा पंखा संथ फिरतो, कान जवळ नेल्याशिवाय कळतही नाही. आणि कोपरला खालून मध्य रेल्वेच्या लोकल धडधडतात, वरून दिवा–वसईची गाडी जाते. इथे शांततेच्या नावाखाली यंत्र जाळायचं? धुळीची भीतीही फोल आहे. पेटी बंद आहे, पंखा बाहेर आहे. धूळ बसेल ती पट्ट्यांवर, रंगाच्या कोरड्या ब्रशने झटकली की झालं. फक्त 12 व्होल्टचा पंखा आणून यूएसबीला जोडू नका. काही पंखे 5 व्होल्टवर सुरूच होत नाहीत.

विकणाऱ्यांनी किती अंशांपर्यंतची हमी आहे ते खोक्यावर ठळक मराठीत छापावं. छापलं नसेल तर गिऱ्हाइकाने बिल फाडण्याआधी ते लेखी मागावं. आणि ज्यांच्याकडे अशी पेटी आहे त्यांनी ती आजच कप्प्याबाहेर काढावी आणि उन्हाळ्याआधी तिला पंखा बसवावा.