आत्मकथन ऐकावे कसे?

ज्यांच्या पूर्वजांस ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्या घरात आज पुस्तके बोलू लागली आहेत. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील व लाख ओतावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्राने सांगून ठेवली आहे. याच्या उलट तथागतांच्या संघात शिष्यास 'सावक' म्हणजे ऐकणारा म्हणत, आणि ज्ञानी पुरुषास 'बहुस्सुत' म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदाने तथागतांचा उपदेश म्हणून दाखविला तो स्मरणातून. तो ताडपत्रावर उतरला काही शतकांनंतर, सिंहलद्वीपात. धर्मांतर करून आपण ज्या परंपरेत आलो, ती कानाचा मान राखणारी परंपरा आहे. म्हणून ध्वनिपुस्तकांचा, ज्यांस आज ऑडिओबुक म्हणतात त्यांचा, विचार केवळ करमणूक म्हणून करून चालणार नाही.

गेल्या काही वर्षांत मराठी ध्वनिपुस्तके मोबाइलवर सहज मिळू लागली आहेत. मी गोंदियास वकिली करतो. तालुक्याच्या न्यायालयांत जाता-येता मी ती ऐकतो. कादंबऱ्या क्वचित, आत्मकथने व वैचारिक ग्रंथ अधिक. त्या अनुभवावरून बनलेले मत नवदीक्षित बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

माझ्या मातोश्रींनी आयुष्यभर बिड्या वळल्या. त्यांची अक्षरओळख सहीपुरती. आपल्या भागातील असंख्य घरांत हेच चित्र आहे: हात तेंदूपत्त्यात गुंतलेले, डोळे मांडीवरच्या सुपावर, कान तेवढे मोकळे. क्युबा देशातील हवाना शहरी सिगार वळणाऱ्या कामगारांनी या मोकळ्या कानांचा उपयोग १८६५ सालीच ओळखला होता. आपल्या मजुरीतून पैसे काढून ते एक वाचक ठेवीत. तो उंच जागी बसून वर्तमानपत्रे व ग्रंथ मोठ्याने वाची, आणि खाली हात चालू राहत. दुसऱ्याच वर्षी वसाहती सरकारने त्यावर बंदी घातली. वळणारे हात सरकारला चालत होते. ऐकणारे कान चालत नव्हते. आपल्या वस्त्यांतही एक साक्षर माणूस बाबासाहेबांचे पत्र वाची आणि भोवती बसलेली निरक्षर माणसे ते ऐकत. तेव्हा ऐकून शहाणे होणे ही आपणांस नवी गोष्ट नाही. साधन मात्र नवे आहे.

परंतु जे ऐकविले जाते ते सगळेच ऐकण्याजोगे असते काय?

एके दिवशी मी मातोश्रींना एका दलित स्त्रीच्या आत्मकथनाचे ध्वनिमुद्रण लावून दिले. वाचणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता, उच्चार शुद्ध होते. मूळ पुस्तक मी वाचलेले असल्याने लेखिकेची बोली जागोजागी घासूनपुसून प्रमाण केल्याचे आणि एक प्रकरण गाळल्याचे माझ्या ध्यानी आले. तसे कोठेही सांगितलेले नव्हते. मातोश्रींनी पुस्तक वाचलेले नव्हते. तरीही पाच-दहा मिनिटांतच त्या म्हणाल्या, "हे बाई आपली गोठ नाही सांगत, कोनाची तरी चिठ्ठी वाचते."

एवढ्या एका वाक्यात त्यांनी निवाडा दिला. आत्मकथन ही साक्ष आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. १९८६ साली बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' व शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा', १९९५ साली वसंत मून यांचे 'वस्ती', २००३ साली उर्मिला पवार यांचे 'आयदान'. यांतील प्रत्येकजण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे. फौजदारी न्यायालयात साक्षीदाराची जबानी लिहून झाली की ती त्यास वाचून दाखवावी लागते, आणि 'मी असे म्हटले नव्हते' असे म्हणण्याचा त्यास अधिकार असतो. तोच न्याय येथे का नसावा? लेखक हयात असेल तर ध्वनिमुद्रण आधी त्यास ऐकवावे. संक्षेप केला असेल तर प्रारंभीच स्पष्ट सांगावे. आणि वाचक निवडताना गोड गळ्यापेक्षा त्या बोलीची जाण पाहावी.

प्रमाण उच्चारांमुळे पुस्तक दूरवर पोहोचते आणि बोलीमुळे समाजाची टवाळी होते, असे काही सुशिक्षित बांधव म्हणतात. मला हे मान्य नाही. ज्या बोलीत अपमान सोसला, त्याच बोलीत तो सांगितला जाईल. लाज वाटायची तर ती अपमान करणाऱ्यास वाटावी.

येथे कायद्याची दोन कलमे लेखकांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावीत. कृतीचा विपर्यास अथवा मोडतोड होऊन लेखकाच्या प्रतिष्ठेस बाध येत असेल, तर कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम त्यास दाद मागू देते. आणि २०१२ च्या दुरुस्तीने १८ व्या कलमात अशी तरतूद केली आहे की, ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या स्वामित्वधनातील आपला समान वाटा लेखकाने करारात सोडून दिला, तरी ते सोडणे कायद्यास मान्य नाही. वारसांनी कोऱ्या कराराखाली सही करण्यापूर्वी हे वाचावे.

आता वैचारिक ग्रंथांविषयी. येथे माझे मत वेगळे आहे. आत्मकथन कानाने मनात उतरते, कारण माणूस माणसाशी बोलत असतो. युक्तिवादाचे तसे नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मी प्रवासात ऐकले. आवाज उत्तम होता, पण मुक्कामी पोहोचल्यावर चार विधानांची संगतीही मला सांगता येईना. त्या ग्रंथातील विधानांस क्रमांक घातलेले आहेत; त्यांवर बोट ठेवून थांबावे लागते, मागे जावे लागते. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हे तर मुळात १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण. आयोजकांनी अधिवेशन रद्द केले, ते कोणी ऐकले नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. ते आज कोणी ऐकवीत असेल तर अवश्य ऐकावे. पण त्यानंतर पुस्तक घेऊन, हाती पेन्सिल धरून वाचावे. ध्वनिपुस्तक हे न वाचता येणाऱ्याचा आधार आहे. ज्यास वाचता येते, त्याने त्यास आळसाचे निमित्त करू नये. आपल्या मुलांच्या हातातील पुस्तक ही फार किमतीने मिळालेली वस्तू आहे.

शेवटी एक गोष्ट सांगतो. त्या दिवशी यंत्र बंद केल्यावर मातोश्री आपणहून बोलू लागल्या. लहानपणी घागर घेऊन विहिरीपासून दूर बसावे लागे. कोणी वरून पाणी वाढील तर वाढील, नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत तसेच बसायचे. हे मी प्रथमच ऐकले. वीस वर्षे मी परक्या साक्षीदारांस प्रश्न विचारीत आलो; घरच्या साक्षीदारास एकही विचारला नव्हता.

१९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीस बाबासाहेब उभे होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते; आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या प्रचारात बाबासाहेबांना आपल्या कानांनी ऐकलेली जी थोडी माणसे उरली असतील, ती आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांची साक्ष कोणी घेतली आहे काय?

बंधुभगिनींनो, ज्या यंत्रावर आपण दुसऱ्यांची आत्मकथने ऐकतो, त्याच यंत्रात आवाज मुद्रित करण्याचीही सोय असते. येत्या पौर्णिमेस विहारातून घरी आल्यावर ते आपल्या आजीपुढे ठेवा. तिचे शब्द सुधारू नका, तिला मध्येच तोडू नका. तिचे बोलणे संपले की तिला ते ऐकवा, आणि विचारा, "बरोबर आहे ना?"