श्वासाच्या वहीत वजावट नाही

सायंकाळी पेढीवर रोजमेळ मिळवला जातो आणि पानाच्या तळाशी शिल्लक लिहिली जाते. जाणता व्यापारी त्या एका आकड्यावर कधीच विसंबत नाही. ती शिल्लक कोणत्या नोंदींतून आली आणि तिच्याआड एखादी बुडीत उधारी दडली आहे काय, हे तो बारकाईने पाहतो. अलीकडे घरोघरी मोबाइलवर अशीच एक तळाची शिल्लक रोज दिसू लागली आहे. ती म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. प्रभातफेरीला निघणारे आजोबा आणि नातवंडांना शाळेत धाडणारी आजी हा आकडा पाहतात आणि त्याखाली ‘मध्यम’ हा शब्द वाचून निश्चिंत होतात. त्या शब्दामागील नोंदी वाचल्या, तर ही निश्चिंतता पुष्कळदा टिकणार नाही.

भारतात हवेच्या प्रदूषणाला आळा घालणारा कायदा 1981 मध्ये झाला आणि हवेच्या नियमित मापनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1984 पासून सुरू झाला. नोव्हेंबर 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 12 प्रदूषकांसाठी सुधारित मानके जाहीर केली. ही सारी आकडेवारी सामान्य माणसाला समजावी म्हणून एप्रिल 2015 मध्ये राष्ट्रीय निर्देशांक अमलात आला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. प्रत्येकाचे हवेतील प्रमाण मोजून त्याचे 0 ते 500 या एकाच मोजपट्टीवर रूपांतर केले जाते. निर्देशांक काढण्यासाठी किमान तीन प्रदूषकांची नोंद लागते आणि त्यांत एक तरी धूलिकणांची असावीच लागते.

या हिशेबाचा खरा नियम यापुढे आहे. समजा, एखाद्या शहरात एके दिवशी 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटर हवेत 75 मायक्रोग्रॅम, 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे 90, नायट्रोजन डायऑक्साइडचे 36 आणि सल्फर डायऑक्साइडचे 16 मायक्रोग्रॅम भरले. मोजपट्टीवर त्यांचे उपनिर्देशांक अनुक्रमे सुमारे 150, 90, 45 आणि 20 होतात. त्यांची सरासरी काढली तर 76 येईल आणि हवा ‘समाधानकारक’ ठरेल. मंडळ मात्र सरासरी काढत नाही. चारांपैकी जो आकडा सर्वांत वाईट, तोच त्या दिवसाचा निर्देशांक, म्हणजे 150. व्यापारात एका मालातील तूट दुसऱ्या मालातील नफ्यातून वळती करता येते. फुप्फुसांना ही सोय नाही. गंधकाचा वायू कमी असल्याने सूक्ष्म कणांचा अपाय कमी होत नाही, म्हणून श्वासाच्या वहीत वजावट धरली जात नाही.

हे 150 म्हणजे ‘मध्यम’ श्रेणी. 101 ते 200 या टप्प्याला हे नाव दिलेले आहे. मराठीत ‘मध्यम’ म्हटले की ‘ठीकठाक’ असा भास होतो. प्रत्यक्षात सूक्ष्म कणांचे 24 तासांचे भारतीय मानक 60 मायक्रोग्रॅम आहे आणि ते निर्देशांकातील 100 शी जुळते. आकडा 100 च्या वर गेला, याचाच अर्थ कायद्याने आखलेली मर्यादा ओलांडली गेली. दमा किंवा हृदयविकार असलेले रुग्ण, लहान मुले आणि वृद्ध यांना या श्रेणीत त्रास होऊ शकतो, असे निर्देशांकाच्या सोबतच नमूद केलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2021 मध्ये 24 तासांसाठी 15 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे.

दुसरी नोंद काळाची. धूलिकणांचा निर्देशांक मागील 24 तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. वरील उदाहरणातील 75 हा आकडा दिवसभर सारखाच असेल असे नाही. अठरा तास 40 आणि सहा तास 180 असले, तरी सरासरी 75 च भरते. हिवाळ्यात हे सहा तास बहुधा रात्रीचे आणि पहाटेचे असतात. जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होऊन जड होते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडून राहतो. ऊन वर आले की हे झाकण उघडते. म्हणजे आरोग्यासाठी पहाटे पाचला घराबाहेर पडणारा ज्येष्ठ नागरिक कित्येकदा दिवसातील सर्वांत वाईट हवा छातीत भरून घेतो. अशा दिवसांत फिरण्याची वेळ दोन-तीन तास पुढे ढकलणे हा विनाखर्चाचा उपाय आहे.

तिसरी नोंद मापाची. दुकानातील वजनकाट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर मुद्रांकन केले जाते. हवेच्या यंत्रांनाही अशीच पडताळणी लागते. बाजारात मिळणारी स्वस्त यंत्रे कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र वास्तवापेक्षा अधिक आकडा दाखवते. शिवाय काही परदेशी ॲप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात, त्यामुळे एकाच हवेचे दोन आकडे दिसतात. रुपये आणि डॉलर एकाच रकान्यात मांडून बेरीज करू नये, तसेच हे. केंद्रीय मंडळाचे ‘समीर’ हे ॲप भारतीय मोजपट्टीवरच आकडे देते. त्यातही मापन केंद्र आपल्या पेठेपासून किती दूर आहे हे पाहावे. उद्यानातील केंद्राचा आकडा मालट्रकांनी गजबजलेल्या बाजारपेठेला लागू पडेलच असे नाही.

चौथी आणि सर्वांत उपयोगी नोंद म्हणजे त्या दिवशी निर्देशांक कोणत्या प्रदूषकामुळे चढला. मोठे कण आघाडीवर असतील, तर कारण बहुधा रस्त्याची धूळ, बांधकाम किंवा माती असते. तेथे पाणी शिंपडणे व आच्छादन घालणे उपयोगी ठरते. सूक्ष्म कण आघाडीवर असतील, तर कोठेतरी जळण आहे: वाहनांचे डिझेल, भट्टी, कचरा किंवा फटाके. केसाच्या जाडीपेक्षा वीस-तीस पट लहान असलेले हे कण तोंडावर बांधलेल्या रुमालाने अडत नाहीत. त्यासाठी एन-95 प्रतीचा मुखपट्टाच लागतो. उन्हाळ्याच्या दुपारी ओझोन पुढे येतो, कारण तो वाहनांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होतो. त्या दिवसांत मुलांचा खेळ सकाळी ठेवणे हिताचे.

जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील मुंबई-पुण्याबरोबर सांगली, कोल्हापूर, सोलापूर, जळगाव आणि जालना ही व्यापारी शहरेही आहेत. हा प्रश्न केवळ दिल्लीचा नाही, हे या यादीवरूनच कळते. जेथे मापन हाताने होते, तेथे आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षात 104 दिवस नमुने घेण्याचा दंडक आहे. यांपैकी प्रत्यक्षात किती दिवस नमुने घेतले गेले, केंद्र कोठे आहे आणि गतवर्षी मर्यादा किती वेळा ओलांडली गेली, हे प्रश्न व्यापारी संघटनांनी नगरपालिकेला लेखी विचारावेत. लेखापरीक्षणाची सवय असलेल्या समाजाला हे काम अवघड नाही.

असे परीक्षण स्वतःच्या उंबरठ्यापासून सुरू झाले तर त्याला वजन येते. सकाळी दुकान उघडताना झाडलोट करून खोकी, प्लास्टिक आणि सुतळी रस्त्याच्या कडेला पेटवून देण्याची रीत अनेक बाजारपेठांत अजून आहे. माल उतरवताना टेम्पोचे इंजिन विनाकारण चालू राहते. दिवाळीत वहीपूजनानंतर पेठेत फटाक्यांचा धूर मध्यरात्रीपर्यंत साचतो आणि त्याच पेठेत, दुकानाच्या माडीवर, त्याच कुटुंबातील वृद्ध व बालके झोपलेली असतात. मापन केंद्र हा धूर मोजो वा न मोजो, तो त्यांच्या छातीत जमा होतोच. म्हणून प्रत्येक पेढीने येत्या पाडव्याच्या नव्या वहीत एक छोटे खाते उघडावे. पॅकिंगचा कचरा जाळण्याऐवजी किती दिवस भंगारवाल्याकडे गेला, एवढेच त्यात लिहावे. ही नोंद रोज होऊ लागली की पेठेतील सकाळचा धूर कमी होईल, आणि नगरपालिकेकडे हिशेब मागणाऱ्यांपाशी स्वतःचा हिशेबही तयार असेल.